अंदाजे

आई सोसायटीत सांगते, आमची वृंदा कर्नलकडे कामाला आहे.
लोकांना वाटतं, देवळाली कॅम्प.
मीही आता दुरुस्त करत नाही.
हुकूम देणारा कुणीतरी आत आहेच,
कोणाला किती जागा, कोणी कधी गप्प बसायचं,
आणि माझी नोकरी त्याच्या वहीत डोकावायची.

अंबडच्या कारखान्यातून वाघचौऱ्यांचा फोन:
मॅडम, मेमरी सत्त्याण्णव टक्के, मशीन आता बसणार.
नाही बसत हो.
त्यातली निम्मी उसनी आहे, एकदा वाचलेल्या फायली,
परत लागतील म्हणून उशाशी ठेवलेल्या.
कोणी मागितलं की देऊन टाकील.
मग भरली म्हणून का दाखवता?

उत्तर होतं, पण त्याला दोन रकाने लागतात,
'रिकामी' एक, 'मिळू शकेल' दुसरा,
आणि त्यांना हवा होता एकच दिवा, लाल की हिरवा.

नाना गंगापूर धरणावर गेज वाचायचे.
पट्टी पाण्यात उभी. लाट चढते, उतरते,
दोन्ही टोकं बघायची, मधला आकडा धरायचा,
वायरलेसवर ओरडून सांगायचा.
उपयुक्त साठा इतका. मृतसाठा वेगळा.
मृतसाठाही पाणीच, मासे त्यातच राहतात,
पण दरवाजाच्या उंबऱ्याखालचं;
शहराला देता येत नाही
म्हणून शहराला सांगायचं नाही.

शहराला तरी आकडे कुठे लागतात.
गोदेला पूर आला की विचारतात,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर? कमरेला? छातीला?
अख्ख्या गावाचं एकमत असलेलं असं एकक
मला कर्नलमध्ये अजून सापडलेलं नाही.

परवा रात्री तो बग.
आठ कोअर, म्हणजे आठ हिशेबनीस.
प्रत्येकजण मोजदाद आपल्या खिशात साठवतो,
खिसा भरला की मोठ्या वहीत उतरवतो.
दर वेळी वहीकडे धावला तर काम कधी करणार?
म्हणून मोठी वही नेहमी जराशी मागे.
आणि एखाद्या क्षणी
एकाने घेतलेलं अजून खिशात,
दुसऱ्याने परत केलेलं वहीत उतरून मोकळं,
बेरीज येते उणे तीन.
वापरात असलेली पानं: उणे तीन.

जुन्या कोडमध्ये एक ओळ आहे,
उणे आलं तर शून्य दाखव.
कोणी लिहिली कोण जाणे. सभ्य ओळ आहे,
पाहुणे आल्यावर भांडण थांबवावं तशी.

मी नानांची नोंदवही काढली.
कोपरा उंदरांनी खाल्लेला.
ऑगस्टमधला एक दिवस, शेऱ्याच्या रकान्यात:
वारा फार. पट्टी दिसत नाही. अंदाजे.
खाली उपअभियंत्याची लाल शाई:
अंदाजे म्हणजे काय? खुलासा करावा.
खुलासा नाही.
दुसऱ्या दिवशीही वारा. दुसऱ्या दिवशीही अंदाजे.

शून्य मी ठेवलं.
वाघचौऱ्यांना उणे पानं सांगून काय करू?
पण वर एक शेरा टाकला,
यंत्र जो वगळतं, माणसंच वाचतात तसा:
मोजताना ही संख्या हलत होती.

पहाटेचे पाच. नळाला पाणी नाही.
नाना बाथरूमात पिंपावर वाकलेले.
किती आहे, मी विचारलं.
त्यांनी बाही सारली, हात बुडवला,
म्हणाले, कोपराला.