सहा भोंगे

मी प्लंबर. इतिहासातलं मला फारसं कळत नाही.
पाणी कुठून शिरतं आणि कुठे मुरतं, एवढं कळतं.
फेलिझ्मीनाबाईंनी बोलावलं तेव्हा वाटलं,
जुन्या अग्निशमन केंद्राचा नळ गळत असेल.
तर तिथे चर्चमधून उसन्या आणलेल्या खुर्च्या,
भिंतीवर टाचण्या टोचलेला नकाशा,
आणि दर गुरुवारी जमणाऱ्या अकरा म्हाताऱ्या.
"आम्हाला भोंगे हवेत," त्या म्हणाल्या. "सहाही."

आमचं सालेमा बंदर: गाव म्हटलं तर रागावतं,
शहर म्हटलं तर लाजतं.
पोर्तुगालच्या नकाशावर त्याचं नाव समुद्रात छापावं लागतं,
जमिनीवर जागा पुरत नाही.
पण तारल्या डब्यात भरणारे सहा कारखाने होते इथे.
होड्या रात्री कधीही लागायच्या, दोनला, साडेतीनला,
मासा सकाळची वाट बघत नाही,
म्हणून भोंगा. प्रत्येकाचा वेगळा.
भिंतीच्या अल्याड एक बाई उठून
अंधारात चाचपडत रुमाल बांधायची,
पल्याड दुसरी कूस बदलायची:
आपला नाही.

फोटो सापडले होते. पगाराची वही सापडली,
डब्यांवरची सोनेरी लेबलं तर पोतंभर.
मालकांची नावं खाली टंकलेली, मिशांसकट.
बायकांच्या रांगेखाली नुसतं "कामगार, १९५८".
त्या रांगेतली एकतीस नावं
या अकराजणींनी पेन्सिलीनं भरून काढली,
नऊ चेहरे अजून तसेच बघतायत.
आवाज मात्र कुणीच ठेवला नव्हता.
जो झोप मोडतो, तो कोण जपून ठेवणार?

मग तांब्याच्या नळ्या, पत्रा, माझा कॉम्प्रेसर.
देओलिंदा म्हणाली, "हा तर बैल. आमचा नाकात बोलायचा."
बोटभर कापली.
"अजून."
नखभर.
"थांब."
आणि तिने स्वतःचेच हात हुंगले.

तिसऱ्यावरून दोघी बहिणींनी अबोला धरला.
एक म्हणे शेवटी चढायचा, दुसरी म्हणे उतरायचा.
तीन गुरुवारांनंतर कळलं,
एक टेकडीवर नांदत होती, एक धक्क्याला.
मी दोन नळ्या कापल्या.
चिठ्ठ्या चिकटवल्या: तिसरा, वरून. तिसरा, खालून.

नगरपालिकेचा माणूस येऊन गेला.
त्याला एकच हवा होता, गोडसा,
पर्यटकांसाठी, दुपारी बाराला.
"बाराला?" फेलिझ्मीनाबाई म्हणाल्या,
"बाराला तर आमचे हात सुजलेले असायचे."
त्याने कॉफी अर्धी ठेवली.

सहावा कारखाना सगळ्यात छोटा.
तिथली एकच उरलीय, ग्रासिएत,
आणि तिला आता काही ऐकू येत नाही.
अकराव्या वर्षी लागली कामाला.
तपासनीस आला की तिला मिठाच्या पिंपात बसवत,
वर झाकण.
ती टेबलावर तळहात ठेवून बसायची,
मी भोंगा फुंकायचो, लाकूड थरथरायचं,
ती मान हलवायची: नाही.
आठ गुरुवार. नळीचा तुकडा संपला, दुसरा घेतला.
नवव्याला तिचा हात टेबलावरून उठेचना.

शेवटी भाच्याने यंत्र आणून सगळं मुद्रित केलं.
पहिला, दुसरा, तिसरा वरून, तिसरा खालून,
चौथा, पाचवा.
बायका मांडीवर हात घेऊन गप्प.
सहाव्यानंतर, अगदी स्पष्ट,
एक खुर्ची फरशीवर घासत मागे सरकते.

"हा खुर्चीचा आवाज काढून टाकू," भाचा म्हणाला,
"म्हणजे स्वच्छ होईल."
कुणीच उत्तर दिलं नाही.
सगळ्या दाराकडे बघत होत्या,
जिथे ग्रासिएत पाठमोरी उभी राहून
घाईघाईने रुमालाची गाठ मारत होती.