नदी नेमून देणारी

दमौलीच्या पुलाखाली माझी चहाची टपरी.
मला पोहता येत नाही.
सुनकेसरी माझी इथेच बसते, कोपऱ्यातल्या बाकावर,
आणि आलेल्या माणसाला नदी नेमून देते.
आधी नकाशा काढत नाही.
म्हणते, बुटाची नाडी बांध पाहू.

आजचा पाहुणा उत्सव तुलाधर,
काठमांडूत, असनच्या बाजारात
तीन पिढ्यांचं मिरी-वेलदोड्याचं दुकान.
वल्हं नवंकोरं, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
त्याला भोटेकोशीच हवी.
मित्र जाऊन आलेत म्हणे.
"हसत किती आले?"
तो बोटं मोजायला लागतो. खरंच मोजतो.

तुला सेती, ती म्हणते.
कोमट पाणी, रुंद वळणं, रेतीचे काठ.
तिथे पोटभर उलट. शंभरदा उलट.
डोकं खाली, आकाश हिरवं झालेलं,
तेव्हा हातांनी नाही, कमरेतून वळायचं
हे कमरेला कळेपर्यंत उलट.
डोक्याला कळून भागत नाही.

मग त्रिशूली, दसईं आटोपल्यावर.
ती हमरस्त्याच्या कडेकडेने जाते,
ट्रकवाले भोंगे वाजवतात, बसमधली पोरं हात हलवतात,
बुडालास तर साक्षीदार पुष्कळ.
खडकामागे पाणी मागे फिरून विसावतं ना,
ती जागा पोचल्यावर नाही,
पोचण्याआधी दिसली पाहिजे.

"आणि मर्स्यांदी?"
ती गप्प. सांडलेला चहा बोटाने टेबलभर ओढत नेते.
गोऱ्यांनी नद्यांना आकडे लावलेत, एक ते सहा.
माझा बा सुनकोशीवर नाव चालवायचा,
त्याची मोजणी निराळी:
ही नदी माणूस त्याच दिवशी परत देते,
ही तिसऱ्या दिवशी,
ही देत नाही.
आणि आषाढात, बा म्हणायचा,
सगळ्या नद्या एकाच आईच्या.

"पण भोटेकोशी कधी?"

एखादा धबाबा समोर येईल,
पुढे गेलेले मित्र खालून ओरडत असतील, ये, ये,
आणि तू बोट खांद्यावर घेशील,
दगडादगडातून काठाने चालत खाली उतरशील,
आणि रात्री डाळभात कालवताना
त्याचं कारण कुणालाही सांगत बसणार नाहीस.
त्याच्या दुसऱ्या दिवशी ये.

मीही विचारलं होतं एकदा, माझी नदी कोणती.
तिने माझ्याकडे, मग किटलीकडे पाहिलं:
तुला काठ.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
पण संध्याकाळी त्या बोटी येताना मी मोजतो,
पाच गेल्या होत्या, पाच,
आणि मगच दूध उतू जाण्याआधी उतरवतो.

उत्सव खाली वाकतो. नाडी सोडतो, पुन्हा बांधतो,
या वेळी दोन गाठी, घट्ट.
सुनकेसरी मान हलवते.
एकच.
पाण्याखाली अडकलास
तर एका हाताने सुटली पाहिजे.