टॉवेलाखाली

मार्केट यार्डात अठ्ठेचाळीस वर्षं
हळकुंड मोडून आवाज ऐकायचे अप्पा.
खणखणीत मोडलं तर माल वाळलेला,
जरा वाकलं तर, ‘पोटात ओल आहे, परत न्या.’
न्हाणीत पडले त्या रात्री
स्वतःचाही आवाज त्यांनी असाच ऐकला असणार.
सकाळी मलाच म्हणाले,
‘जागा बघूया. एकटी नको जाऊस,
माल माझा आहे.’

पहिली जागा नदीच्या अंगाला.
दारात कारंजं, भिंतीवर सूर्यफुलं,
मॅनेजर बाई माहितीपत्रक तोंडपाठ बोलत होत्या.
अप्पा मागच्या भिंतीशी गेले,
नव्या रंगावरून तळवा फिरवत
छातीच्या उंचीला थांबले.
‘एकोणीसचं पाणी इथवर होतं.
चालता न येणाऱ्यांना वर कोणी नेलं?’
बाई तेव्हा नोकरीला नव्हत्या.

दुसरी मिरज रोडला.
डॉक्टर चोवीस तास, खाटेपाशी ऑक्सिजन,
डिपॉझिट माझ्या अख्ख्या पीएफएवढं.
अप्पांनी उशाची घंटा दाबली
आणि पोती मोजायच्या सुरात मोजायला लागले:
लाभ… दोन… तीन…
एकशे दहाला एक पोरगा आला, एका कानात गाणं.
रागावले नाहीत.
‘जेवलास का रे?’
साडेतीन वाजले होते. तो जेवला नव्हता.
‘ह्याला उपाशी ठेवणारे,’ जिना उतरताना म्हणाले,
‘मला काय भरवणार?’

तिसरी माधवनगरच्या पुढं,
बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडला लागून.
फरशीचे टवके उडालेले, टीव्हीतली माणसं हिरवी.
मी मनात फुली मारून टाकली होती.
कोणालाच न ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या
पायाशी अप्पा बसले, चादर सारली.
‘नखं बघ.’
कापलेली होती.
करंगळीचंसुद्धा.
टाचांच्या भेगांत खोबरेल.

स्वयंपाकघरात शेवंताबाई दुधात भाकरी कुस्करत होती.
‘ह्यांना दात न्हाईत, त्यांना आंबट चालत न्हाई,
आणि ते कोपऱ्यातले हायत न्हवं,
त्ये कानडीत हाक मारली तरच तोंड उघडत्यात.
म्हणून शिकले चार शब्द.’
अप्पा तिच्याशी कानडीत काहीतरी बोलले.
ती हसली. मला कळलं नाही.
अव्वा गेल्यापासून आमच्या घरात ती भाषा
माळ्यावर गेली होती,
आणि माळ्यावर काय काय आहे
ते मी कधी पाहिलं नव्हतं.

परतताना रिक्षात मीच बोलत राहिले.
बँक, पिंकीची बारावी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
सगळी कारणं खरी होती.
खऱ्या कारणांनीसुद्धा तोंड कोरडं पडतं.
अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि खालून हात धरला.

लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा पाहिलं होतं:
दोन माणसं आभाळाकडे बघत उभी,
टॉवेलाखाली बोटं बोलताहेत,
तिसऱ्याला भाव कळू नये म्हणून.

त्यांनी माझी चार बोटं दाबली.
महिन्यातून चारदा.
मी दोन दाबली.
त्यांनी मान हलवली, पुन्हा चार.
मार्च एंडिंग आठवला मला, रविवारचे क्लास आठवले.
कॉलेज कॉर्नर मागे गेला.
मी तीन दाबली
आणि सोडली नाहीत.

रिक्षावाला आरशातून बघत होता.
अप्पा बाहेर बघत होते, अगदी व्यापाऱ्यासारखे.
मग टॉवेलाखाली
करंगळीचं अर्धं पेर हळूच धरलं.
‘हे काय अप्पा?’

‘वरकड. एक फोन.
जमेल तेवढा कानडीत.’