बायकांची वेळ

चार वाजता पुरुष बाहेर पडतात,
ओल्या केसांवर टोप्या दाबत, लालबुंद, मुके,
नुकतेच जन्मल्यासारखे.
सवसन किल्ली दातांत धरून
दोन बोटं दाखवते. दोन सोमोनी.
माझ्याकडे सुटे नाहीत. ती हात झटकते:
उद्या दे, नाहीतर राहू दे.

आत गंधक. सडक्या अंड्यासारखा वास, म्हणतात.
मला रिकाम्या काडेपेटीचा आला.
भिंत पाण्यानेच बांधलेली,
थेंबावर थेंब, पांढरी, अजून चालूच आहे काम.

बायका आधी अंगठ्या काढतात,
चांदी काळी पडते म्हणून.
बुटात, मोज्याखाली खोचतात,
कपडे त्यानंतर.

गुलनमोचा नवरा तीन वर्षं रशियात विटा रचतोय.
सासू तिची पाठ घासते,
करपलेली कढई घासावी तशी,
आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही.
एक मुलगी पाय घालते, काढते, घालते.
कुणी पोटावर हात ठेवून
ओठ न हलवता काहीतरी मागतं.

सवसन सगळ्यांच्या शेवटी उतरते.
तिची अंगठी बोटातच. डांबरासारखी.
काढत नाहीस? मी खुणेनं विचारते.
ती खिडकी दाखवते:
खाली नदी, पलीकडे दुसरा देश,
तीच जर्दाळूची झाडं, तसलीच धाब्याची घरं,
गाढवामागे चालणारा एक ठिपका.
खोहर, म्हणते. बहीण.
बाकीचं गुलनमोने हातवाऱ्यांनी सांगितलं.
अंगठ्या जोडीच्या. पूल उघडा होता
तेव्हा दुसरी दर शनिवारी इथे यायची,
याच पायरीवर बसायची.
आता पुलावर बंदूक बसते.

तिची पांढरी असेल, सवसन म्हणाली. कोरडी.
जणू बहिणीला काही आजार झालाय.

मग तिला माझे पाय दिसले.
जोडवी! मी साफ विसरलेच होते.
पाण्याखाली दोन काळी कडी,
आणि सगळा हौद हसला,
सासूसुद्धा, दात नसलेलं, खळखळून.
राखेनं घासलीस की निघेल, असं काहीसं म्हणाल्या.
सवसनने पाण्यात वाकून
अंगठ्याने एक जोडवं चाचपलं,
मापाचं आहे का बघावं तसं,
आणि सोडून दिलं.

सहा वाजता तिने पत्र्याचा डबा बडवला.
बाहेर माझी वेणी क्षणात कडक झाली, काठीसारखी.
पुरुष बर्फात पाठ करून उभे होते,
खिशातला पाव मोडून खात.
पलीकडे एक दिवा लागला.
तिचाच असेल असं नाही.