शनिवारची फेरी, सोलोलाकीहून खाली

छत्र्या मिटा. तिबिलिसीच्या या गल्लीत
दोघांपुरतंच आभाळ आहे.
मी लामारा. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या,
आता माणसांना वर-खाली नेते,
पायी.

उंबऱ्यापाशी फरशीत अक्षरं आहेत: साल्वे.
लॅटिन. म्हणजे या, बसा.
घर बांधलं आर्मेनियन तंबाखूवाल्याने,
छत रंगवलं एका पोलिश माणसाने,
जिन्याचं लाकूड कोरणारा
नाव न ठेवताच गेला.
पुढे सरकारने खोलीखोलीत एकेक कुटुंब कोंबलं
आणि साल्वेवर सायकली उभ्या राहिल्या.

सज्ज्याखाली थांबू नका.
द्राक्षवेलीने सज्जा धरलाय की सज्ज्याने वेल
हे महापालिका अजून ठरवते आहे.

माहितीपत्रकात लिहिलंय,
सगळे गुण्यागोविंदाने नांदत.
तसं नव्हतं हो.
एक नळ, सात चुली, पाच भाषा,
भांड्याला भांडं लागायचंच.
पण प्रत्येकाला प्रत्येकाच्या भाषेतल्या शिव्या यायच्या.
आई म्हणायची, जो आपल्याला
आपल्याच भाषेत बिनचूक शिवी देतो
त्याला परका म्हणणं जड जातं.

जड जातं म्हणाली. जमत नाही असं नाही म्हणाली.
जूनमधल्या एका रात्री ट्रक आला,
दोन खोल्या रिकाम्या झाल्या,
आणि सकाळी नळावर
कितीतरी वेळ कोणी बादलीच लावली नाही.

खाली त्या विटांच्या सिनेगॉगचा घुमट दिसतो,
त्याच्या पलीकडे मशीद.
पुलासाठी शियांची मशीद पाडली
तेव्हा ते सुन्नींच्या मशिदीत आले.
मधे काळा पडदा होता. मग एके दिवशी काढला.
कोणी काढला, सगळेच विचारतात.
एवढ्या मोठ्या कापडाचं पुढे काय केलं
हे कोणी विचारत नाही.
मलाही माहीत नाही.

तुम्ही, मार्सेयचे, मागे का राहिलात?
कागद दाखवा.
अहो, हेच की अंगण. या फाटकातून.
सांभाळून, मांजर बाहेर पडेल.

हे मिराझ. यझिदी. चपला शिवतात, वय विचारू नका.
मिराझ, हे आवेतिसचे नातू,
त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या.

ते म्हणतात...
मी फक्त भाषांतर करते आहे, माझ्यावर रागावू नका...
ते म्हणतात, तुमच्या आजीने
आमचं तांब्याचं पातेलं नेलं होतं.
पांढऱ्या चेरींच्या मुरंब्यासाठी.
दोन दिवसांच्या बोलीवर.
मग तो ट्रक आला.

काय म्हणालात? हळू बोला.
अल्ताईत त्यात बर्फ वितळवून प्यायले.
मग फ्रान्स.
आता तुमच्या दारामागे असतं
आणि तुम्ही त्यात
छत्र्या ठेवता.

हे त्यांना सांगू की नको?

सांगितलं.
ते विचारतायत, कान किती आहेत त्याला.
एकच?
बरोबर, म्हणतात. दुसरा आधीच निखळला होता,
वडील म्हणाले होते, परत आलं की डाग देऊन घेऊ.
तो कुठे गेला?
हा काय, म्हणतात,
फाटकाला ठोकलाय, मूठ म्हणून.
आत्ता त्यालाच धरून आलात तुम्ही.

...

चला. बाकीच्यांनी चला.
त्यांना बसू दे, चहा होईल, फेरीचे पैसे मी नंतर घेईन.
पुढे हमाम. गंधकाचा वास येईल,
कुजक्या अंड्यांसारखा; बायका म्हणतात कातडीला बरा.
पर्शियन, जॉर्जियन, तातार, सगळे तिथे
उघडेच बसायचे. त्यावर मी भाषण देत नाही.

शेवटी कोण आहे?
फाटक ओढून घ्या.
कान धरून.
हळू.