एक बादली

पहाटेचे साडेचार. ब्राकपुटच्या माळावर
काचा अजून आडव्याच पडलेल्या, मैलच्या मैल.
मी टँकर मागे घेतोय
आणि सानी स्वार्टबोई टॉर्च हलवत ओरडते :
थांब, थांब रे, चाकाखाली बघ!

दोनशे चौदाव्या रांगेपाशी
एक टिबुकली.
लाल डोळा, कोरडी पिसं,
पाय पार मागे, शेपटीला चिकटवल्यासारखे.
जमिनीवर तिला धड उभंही राहता येईना.
रात्री चांदण्यात वरून तळं दिसलं असणार.
उतरली, तर तळं टणक निघालं.

"मेंढ्यांच्या टाकीत सोडू," मी म्हणालो.
"उडायच्या आधी तिला पाण्यावरनं धावावं लागतं.
टाकीत कुठवर धावेल?"
सानीचा बाप खारवटीवर मीठ गोळा करायचा.
तिला ठाऊक.

बादलीत तिने काचा धुवायचं पाणी घेतलं.
अख्ख्या जिल्ह्यात इतकं नितळ पाणी नाही :
क्षार काढलेलं, गाळलेलं, लिटरवारी मोजलेलं.
आमच्या नळाला मचूळ येतं,
चहात दूध फाटतं.
टिबुकली बादलीत बसली पाहुणीसारखी
आणि सानीच्या अंगठ्याला चोच मारली.

अकरा किलोमीटर, फान वेकच्या बंधाऱ्यापर्यंत.
ओलिफान साहेबाचे तीन मिस्ड कॉल.
सानीने बादली कलती केली.
पक्षी बुडाला.
माझी सिगारेट अर्धी झाली.
"मेली," मी म्हणालो.
"गप."
मग भलतीकडेच, पलीकडच्या काठाशी, वर आली,
जशी काही आमची ओळखच नाही.

परतताना टेकाडावर उन्हं लागली.
काचा हळूहळू पूर्वेकडे वळत होत्या.
खरं सांगतो, तिथली एकेक काच मी पुसलीय,
तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला :
पाणीच की.
सानी काही बोलली नाही. तीही तिकडेच बघत होती.

ऑफिसात पक्ष्यांची वही असते.
तारीख, रांग, जात, पंख मोडला का,
मरून किती दिवस झाले.
जिवंताचा रकाना नाही.
सानीने बराच वेळ पेन चावलं.
मग ती वही मिटून पाणी-वापराची उघडली
आणि ठळक अक्षरात लिहिलं :
रांग २१४. एक बादली.
सांडली.