फिरतं डोकं

कागदावर माझं नाव नाही.
'फिरतं डोकं, क्रमांक एक' एवढंच.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
ते तुझं पहिल्यापासूनच फिरलेलं आहे.

सोमवारी खारघर, मंगळवारी वाशी,
गुरुवारी दिघा, कळवा करत माजिवड्याला,
तळघरातल्या त्या दीड टेस्लाच्या म्हाताऱ्याकडे
जो सुरू होण्याआधी घसा खाकरतो.
रिक्षात शेजारी तुंगेकर मॅडम
आणि त्यांच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून,
एक पारदर्शक गोळा.
यात काय, वॉचमन विचारतो.
मेंदू, मॅडम म्हणतात. कवटी सोडून. पाण्यात विरघळवलेला.
वॉचमन वहीत लिहितो: पाणी, बरणी एक.

गोळ्यात काय किती आहे ते मॅडमना माहीत आहे,
स्वतः तोलून घातलंय, दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत.
माझ्यात कोणी काही तोलून घातलं नाही.

अकरा वर्षं मी लोकांना सांगते, हलू नका.
आता चेहऱ्यावर पिंजरा बसतो
आणि काचेपलीकडून वाशीचा नवा पोरगा
मलाच सांगतो, ताई, हलू नका.
नाक खाजतं. नाकच खाजतं नेहमी.
फोटो काढायचा असता तर सोपं होतं.
इथे चिमूटभर जागेतली कुजबुज ऐकायची असते,
पाण्याचा गलका दाबून:
कोलीन, क्रिएटिन,
आणि ते लांबलचक नावाचं, जे जिवंत पेशींपाशीच सापडतं.

पडद्यावर राशी उठतात.
करावेच्या मिठागरात मार्च सरताना उठायच्या तशा,
दोन बुटक्या, एक उंच.
बाबा त्या राशींवर राबले.
व्यापाऱ्याचं घमेलं आपल्याहून बोटभर खोल, म्हणायचे,
मीठ तेवढंच, हिशेबात मात्र कमी.
म्हणून धक्क्यावर जाताना
घरचं घमेलं डोक्यावर पालथं घालून न्यायचे.
लोक हसायचे.

खारघर म्हणतं, एक पूर्णांक सहा.
वाशी, एक पूर्णांक तीन.
माजिवडा खाकरतो आणि म्हणतो, एक पूर्णांक नऊ.
चार दिवसांत माझ्या डोक्यात घडलं ते इतकंच:
एक भांडण, एक अर्धवट झोप,
नेरूळच्या गॅस एजन्सीला तीन फोन.
मॅडम तेही लिहून घेतात.

तांडेलकाकूंचा आकडा डिसेंबरात खारघरला काढला होता.
मे महिन्यात खारघरचं यंत्र बंद,
म्हणून वाशीला पाठवलं, आणि आकडा उतरला.
काय उतरलं?
त्यांचा मुलगा रोज जिन्याखाली उभा असतो,
हातात दोन्ही रिपोर्ट, घामाने मऊ पडलेले.
ताई, कमी म्हणजे वाईट ना?
डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
हे वाक्यही अकरा वर्षांचं आहे.

शुक्रवारी रात्री मॅडमनी
तिन्ही ठिकाणचा गोळा मांडला, मग तिन्ही ठिकाणची मी.
कुठे भागलं, कुठे गुणलं,
माझ्या तीन राशी सरकत सरकत एकमेकींवर आल्या.
अगदी नाही. कडा थोड्या बाहेर राहिल्याच.
हे? मी विचारलं.
माहीत नाही, त्या म्हणाल्या. झोप असेल.
तू असशील.
मग चष्मा पुसला
आणि काकूंचे दोन आकडे त्याच गणितातून काढले.

घट निम्मी झाली.
निम्मी यंत्राची होती.
खोलीतला एसी तेवढा बोलत राहिला.

सकाळी मुलगा तिथेच, जिन्याखाली.
मॅडम वर यायच्या होत्या अजून, लिफ्ट अडकलेली.
मशीनचा फरक काढून टाकला, मी म्हणाले,
सांगायचं नसतं तरी म्हणाले.
मग काही उरलं?
मी हात वर केला,
आकडा आठवेना,
अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये
बोटभर जागा धरून दाखवली.
त्याने ती नीट पाहून घेतली,
जणू तेवढी घरी न्यायची होती.